छेदातल्या r वरचं टिंब

समीकरणावर बोट ठेवून, मान न उचलता सर म्हणायचे, "आधी आपली चूक पाहून घे बाबू. छापखाना कुठं पळून चालला?"

हे वाक्य सगळ्यांत जास्त मी ऐकलंय, कारण गरजही मलाच जास्त होती. सौंसरच्या कॉलेजात आम्ही दोघं फिजिक्स शिकवायचो. सर निवृत्त होऊन पांढुर्ण्याला गेले, तरी रविवारी मी बसनं तिकडे जायचो आणि सापेक्षतेच्या एका जाडजूड पुस्तकात आम्ही छपाईच्या चुका हुडकायचो. लोकांना पत्त्यांचा नाद असतो, आम्हाला हा.

एकदा मी एक उलटं चिन्ह पकडलं आणि थेट प्रकाशकाला पत्र धाडलं. सरांनी शांतपणे पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. लेखकानं तिथंच सांगून ठेवलं होतं, की या पुस्तकात काळाचं चिन्ह उणे धरलंय.

"पत्रावर पत्ता कॉलेजचा टाकला का?"

टाकला होता.

"मंग आता आपलं कॉलेज फेमस."

तर एका रविवारी काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, फाटकातच भेटल्या. "पहा न भाऊ, यायच्या उजव्या डोळ्यात विजा चमकून राहिल्या. इथला डॉक्टर म्हणते, आतला पडदा सुटून राहिला, आजच नागपूरले न्या, नाही तर डोळा जाईन. अन् हे म्हणतात, मले काही नाही झालं, पुस्तकातच चूक आहे."

आत सर डावा डोळा मिटून बसलेले. "हे पाह्य. छेदातल्या r वर टिंब छापलं. r म्हणजे अंतर, टिंब दिलं की त्याचा वेग होते. इथं वेग येतेच कसा? छापखान्याची चूक!"

इतक्या वर्षांत त्यांनी छापखान्याला आधी धरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी वाकलो. r स्वच्छ होता. वर काहीसुद्धा नव्हतं. सर माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि मला त्यांचा चेहरा बघवेना.

"आहे की सर," मी म्हणालो. "चांगलं ठसठशीत आहे."

दारातल्या काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी परत पुस्तकात तोंड घातलं.

सर खूश झाले नाहीत.  मग त्यांनी पुस्तक हळूहळू उलटं फिरवलं. छापलेलं टिंब असतं तर अक्षरासोबत फिरून खाली गेलं असतं. सरांनी भिंतीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग काकूंकडे. जिथं नजर, तिथं टिंब. हे मला त्यांच्या मानेवरूनच कळलं.

"तुलेही दिसून राहिलं न हे?"

"म्हणजे सर..."

"मंग तूही चाल नागपूरले. दोघायचेही डोळे दाखवू."

काकूंनी पिशवी भरूनच ठेवली होती. गाडीत सर एवढंच बोलले, "मले माझी चूक पाहिजे होती रे, तुझा हो नाही."

दवाखान्यात ऑपरेशनला आत नेताना त्यांनी चष्मा माझ्या हातात दिला. "डॉक्टर काही विचारंन तर तू बोलू नको. अन् बाहेर येऊन तो जे सांगंन, ते मले जसंच्या तसं सांगजो."

डॉक्टरांनी सांगितलं. काकूंना पुढे होववेना, म्हणून मीच आत गेलो.

"सांग," सर पट्टीखालून म्हणाले.

"कडेकडेचं दिसेल, सर. त्या डोळ्यानं वाचता नाही येणार."

"मधलं गेलं?"

"गेलं."

 सरांनी पाय आखडून घेतले आणि पलंगावर मला बसायला जागा केली.