पोचायची घाई नसलेल्या काकू

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या काकूंना गाडीतली शांतता सहन होत नसे. जन्मभर त्यांनी इथल्या कॉलेजात जुनं इंग्रजी साहित्य शिकवलं, त्यातही तीर्थयात्रेला निघालेल्या माणसांच्या कविता. "देव देवळात भेटतो की नाही, मला ठाऊक नाही," त्या म्हणत, "पण त्या कवितांत माणसं एकमेकांना भेटतात ती वाटेतच."

म्हणून त्यांच्यासोबत कुठेही निघालं, अगदी भाजी आणायला, तरी प्रत्येकाने एक गोष्ट सांगायचीच. खोटी चालेल, बढाई नको. आणि गोष्ट संपली की हायवेवरून बाहेर पडायचा पुढचा एक्झिट येईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. मला हा निव्वळ चक्रमपणा वाटे. माझ्या जिभेला मुळात हाड नाही.

लेकीला मेडिकलला प्रवेश मिळावा म्हणून मला नवस बोलायचा होता. त्यासाठी लांबच्या देवळात निघालो. मी ड्राइव्ह करत होते, शेजारी काकू, मागे माझी अनया. तिची पाळी आली.

"एक मुलगी होती," ती म्हणाली. "तिने मेडिकलचा फॉर्म भरलाच नाही. आईला सांगितलं, सबमिट केला. आई रोज देवाला हात जोडायची, अँड शी कुडन्ट टेल हर."

मी तोंड उघडलं, तर काकूंनी नुसतं बोट वर केलं. एक्झिट अकरा मैलांवर होता. पहिले तीन मैल मी मनातल्या मनात पोरीची सालटी काढली. मग लोकांना काय सांगायचं ते ठरवलं. नंतर आरशात तिचा चेहरा दिसला. बाई गं, किती वाळली होती! एका घरात राहून मला ते दिसलं नव्हतं.

एक्झिट आला. "इतके महिने एकटीनेच सोसलंस?" मी विचारलं. ती हमसून रडायला लागली, मग मीही.

"रडायचं तर गाडी साइडला घे," काकू म्हणाल्या आणि पेपर टॉवेलचा रोल पुढे केला.

देवळात पोचल्यावर मला मागायला काही सुचेना. "मागू नकोस, नुसते हात जोड," काकू म्हणाल्या. किती हलकं वाटलं!

काकू मागच्या वर्षी गेल्या. अनया आता शाळेत शिकवते. फ्युनरल होममध्ये ती हळूच म्हणाली, "आई, त्या दिवशी माझ्या बॅगेत सगळे कपडे होते. आय वॉजन्ट कमिंग होम विथ यू."

त्या एक्झिटच्या आधी मी तोंड उघडलं असतं तर! समोर काकू निजल्या होत्या, दिवस रडण्याचा होता. पण मला असं सुटल्यासारखं वाटलं, की सगळ्यांदेखत मी लेकीला कडकडून मिठी मारली.