शेवटच्या पुडीतला झेंडू

मी सुभेदार म्हणून रिटायर झालो. सध्या मुलगा-सुनेकडे जर्मनीत, आल्प्सच्या पायथ्याशी मुक्काम आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात झेंडूची वीस रोपं मी बाहेर वाफ्यात लावली. शेजारच्या फ्राऊ वेबर कुंपणावरून ओरडल्या, "नाइन, नाइन! आत्ता नको, आधी आइसहायलिगे जाऊ द्या." म्हणजे मेच्या मध्यावरचे थंडीचे दिवस, असं सूनबाईने, ऋचाने, मला समजावलं. मी म्हटलं, "अठरा हजार फुटांवर ड्यूटी केलेल्या माणसाला ही बाई थंडी शिकवणार?"

बी साधं नव्हतं. नाईक महादेव माझ्या सेक्शनचा. बर्फातल्या गस्तीवर एकाच दोराला तो पुढे, मी मागे. ११.४० ला त्याने पोस्टला रेडिओ केला, "रास्ता क्लियर. ओव्हर." पाच मिनिटांत उतारावरचा बर्फ सुटला. दोर तुटला. मी राहिलो, तो गेला. तेव्हापासून त्याची बायको, सुनंदावहिनी, दर वर्षी घरामागच्या परड्यातल्या झेंडूचं बी मला पाठवायच्या. पहिलं फूल महादेवच्या फोटोला. यंदा वहिनी मुलीच्या फ्लॅटवर राहायला गेल्या आणि परडं सुटलं. ही शेवटची पुडी, आणि मी ती सगळी पेरून बसलो होतो.

आठवड्याभराने, संध्याकाळी सहाला ऋचा धावत आली. "अहो बाबा, पहाटे उणे चार दाखवतंय!"

"स्टँड टू! मोर्चा सांभाळा! घरातलं मिळेल ते झाकायला आण."

पातेली, डबे, कुकर, सगळं रोपांवर पालथं घातलं. भांडी संपली तेव्हा उरलेल्यांवर पुठ्ठ्याची खोकी ठेवली.

सकाळी पाचला उघडून पाहिलं. स्टीलखालची सगळी काळी पडली होती. खोक्यांखालची सात जिवंत. पोस्टवर लोखंड अंगातली ऊब ओढून घेतं, उघडा हात लावू नका म्हणून पोरांना शिव्या घालणारा मीच! इथे अक्कल कुठे चरायला गेली होती? मला रडू आलं. फ्राऊ वेबरनी कुकरकडे पाहिलं आणि घरातून जाड गोणपाट आणून दिलं. पुढे थंडी सरेपर्यंत रोज संध्याकाळी मी ती सात रोपं झाकली. एकही मरू दिलं नाही.

ऑगस्टमध्ये, बरोबर महादेव गेला त्या तारखेला, पहिलं फूल उमललं. कात्री हातात घेऊन वहिनींना फोन लावला.

"भावजी, तोडू नका. बी धरू द्या."

"अहो वहिनी, पण आज महादेवचा दिवस."

"ते थांबतील."

मी कात्री ठेवली. भिंतीवरचा फोटो काढला, बाहेर नेला, वाफ्यापाशी खुर्चीवर ठेवला आणि सावधान उभा राहिलो.