बाईंना हरवायचं कसं

शेजारची किनांती पोटासाठी खेळ तयार करते. पुठ्ठ्याचे पट, पत्ते, लाकडी सोंगट्या. मी जन्मभर विटा रचल्या. आधी मला हे काम वाटत नव्हतं. मग चांगला जमलेला पट तिला फाडून पुन्हा कापताना पाहिलं आणि मत बदललं.

पूर्वी ती जकार्तात मोबाइलवरच्या खेळांची चित्रं काढायची. आई आजारी पडली तशी इकडे आमच्या सोलो शहरात परतली आणि कॉलेजात खेळ कसे रचायचे ते शिकवू लागली. शनिवारी तिचे विद्यार्थी ओसरीवर जमतात, तिचे नवे खेळ खेळून बघतात. मीही बघायला टेकतो.

यंदाचा खेळ बाजाराचा. मीठ, मिरची, सोयाबीनचं टेंपे विकायचं. महिनाअखेर तो छापायला द्यायचा होता, पण दर वेळी किनांतीच जिंकायची. पहिली खेळी मोठ्यांची, म्हणजे तिची. त्याचाच फायदा होतोय असं समजून तिनं पहिल्या खेळाडूचा माल कमी केला. तरी तीच जिंकली. आणखी कमी केला. तरीही तीच.

त्या शनिवारी डाव संपल्यावर ती पत्ते गोळा करू लागली. विस्नू नावाच्या विद्यार्थ्याच्या हातात मिठाचे सगळे पत्ते निघाले.

"अरे, हे टाकले असतेस तर मघाशीच जिंकला असतास!"

"लक्षातच आलं नाही, बाई."

"वर्गात बरं सगळ्यांच्या आधी येतं!"

विस्नू चटईकडे बघत बसला. त्याच्या बाजूला बसलेली हेस्ती हसू दाबत म्हणाली, "बाई, तुम्हाला हरवून आले तर आई घरात घेईल का?"

"म्हणजे सगळेच मुद्दाम हरत होतात?"

कुणी बोलेना. आमच्याकडे मोठ्यांपुढे हे असंच कबूल करतात.

"छान! आणि मी पटाला दोष देत बसले. आता आपसात खेळा, मी नाही. काका, चला, बाहेर चहा घेऊ."

आम्ही अंगणातल्या बाकावर बसलो. आधी नुसता पत्ते पिसल्याचा आवाज. मग विस्नू ओरडला, "चोरटे, ती मिरची माझी होती!"

"मग झोपा कशाला काढत होतास?" हेस्तीचा आवाज.

किनांती चहा विसरून ऐकत होती. हळूहळू आरडाओरडा मंदावला. कुणीतरी मोठ्यानं जांभई दिली. हेस्ती ओसरीच्या पायरीवर आली.

"बाई, रागावणार नाही ना? मीठ संपलं की पुढं करायला काही उरतच नाही. कंटाळा येतो."

"महिनाअखेरीचं काय गं?" मी विचारलं.

"छापणारा थांबेल, काका." तिचा चेहरा उजळला होता. कात्री घेऊन ती चटईवर जाऊन बसली. "हेस्ती, कुठल्या खेळीपासून कंटाळा आला? दाखव बघू."