तिसरा तुकडा

काशीराम साळव्यांना घाई कधी मानवली नाही, पण कॉम्प्युटर मात्र त्यांना पळणारा लागायचा. कांदिवलीच्या घरात लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करताना चित्र जरा अडखळलं की त्यांचा पारा चढायचा. म्हणून त्यांनी दोन हार्ड डिस्कची जोडी लावली होती. प्रत्येक फाइलच्या पट्ट्या पाडायच्या, एक या डिस्कवर, पुढची त्या डिस्कवर. दोन्ही एकदम वाचल्या की वेग जवळपास दुप्पट. डिस्क एकाच बनावटीच्या, पट्ट्या व्हिडिओला सोयीच्या मोठ्या, आणि वेग टिकावा म्हणून निम्मी जागा मुद्दाम रिकामी. "ती निम्मी भाड्यानं तरी द्या," द्रौपदीबाई नवऱ्याला चिडवायच्या.

चार कॅमेऱ्यांचं चित्र एकदम झकास पळायचं. त्या तोऱ्यात काशीरामांनी दुसरी प्रत ठेवणं सोडलं, कॅमेऱ्याची कार्डंही पुसून टाकली. एक डिस्क गेली तर दुसरीकडे प्रत्येक गोष्टीचं अर्धंच उरतं, हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून केलं.

शनिवारी सकाळी एक डिस्क टकटक वाजू लागली. जोडीवर मनोरीच्या जॅकलिनच्या लग्नाचं शूटिंग होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी घरचे वाजतगाजत विहिरीवर उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या न्हाणाचं पाणी, आणायला गेले, तेव्हा तिच्या आईनं गाणं म्हटलं होतं. नवरीला घरीच बसवलेलं, तिनं ते ऐकलंच नव्हतं. महिन्याभरात आई गेली. आज बाराला जॅकलिन तेच बघायला येणार होती.

बाकी सगळं सोडून काशीरामांनी आधी ते गाणं बाहेरच्या डिस्कवर उतरवायला घेतलं. कॅमेऱ्यानं त्याचे तीन तुकडे केले होते. पहिला उतरला. दुसरा रखडत रखडत, पण उतरला. तिसरा बावीस टक्क्यांवर अडला. मग टकटक थांबली आणि पडद्यावरून जोडीच नाहीशी झाली. बंद करून परत लावून पाहिलं. काही नाही.

जॅकलिन आली तेव्हा त्यांनी दारातच सांगून टाकलं, "वाट लागली, पोरी. चूक माझी आहे."

उरलेले दोन तुकडे तिनं तोंडावर रुमाल धरून पाहिले. आई विहिरीच्या काठावर कळशी टेकवते, हसते, आणि चित्र संपतं.

"काशीकाका, तिसऱ्यात काय होतं?"

एडिटिंग करताना तो तुकडा त्यांनी पन्नासदा तरी मागेपुढे केला होता. "त्यात तुझं नाव घातलं गं त्यांनी. दोनदा. दुसऱ्यांदा आवाज भरून आला."

"म्हणून दाखवता?"

"मला कुठे गाता येतं?"

"असू दे ना."

तिनं मोबाइल रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला. काशीराम खाकरले, तोंड उघडलं आणि थांबले. खिशातून स्वतःचाही मोबाइल काढून, रेकॉर्डिंगला लावून, तिच्या मोबाइलशेजारी ठेवला. मग डोळे मिटून त्यांनी तिचं नाव घेतलं.