गार हवेचा पाइप आणि दसऱ्याची माळ

मी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झाले तेव्हा नवऱ्याने सगळा दोष गाडीवर ठेवला. संसार टिकवण्याच्या ज्या काही रीती आहेत, त्यांत ही बरीच वरची समजायला हवी.

२०१६ साल होतं. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआत चढावरच्या एका भाड्याच्या घरात आम्ही राहत होतो. दारात एक छोटी पेट्रोल गाडी होती, जपानमध्ये वापरून झालेली आणि मग बोटीने इकडे आलेली. पुण्याच्या लायसन्सवर इथे तेव्हा वर्षभर गाडी चालवता यायची, पुढे इथलं लायसन्स काढावं लागायचं. माझं वर्ष ऑक्टोबरच्या मध्यात संपत होतं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली होती, पण पहाटेच्या शिफ्टची, आणि त्या वेळेला आमच्या बाजूने एकही बस निघत नाही. लायसन्स नाही तर नोकरी नाही, इतकं ते सरळ होतं.

पहिल्या टेस्टला परीक्षक बाईंनी सांगितलं, मोटरवेवर शिरताना तुम्ही फारच हळू होता. ते खरं होतं. पुण्यात शिरायचं म्हणजे गाडीचं नाक पुढे घालायचं आणि बाकीच्यांच्या सद्बुद्धीवर सोडून द्यायचं. ताशी शंभरच्या रांगेत शंभरानेच जाऊन मिसळायचं, हे मला आत्महत्येचा सभ्य प्रकार वाटायचं.

"तू हळू नाहीस," नवरा म्हणाला. "गाडीला दम नाहीये."

तो सॉफ्टवेअरमधला. इंजिनाशी त्याचा संबंध व्हिडिओंपुरता, ज्यांत टोपी घातलेले धष्टपुष्ट लोक एअर फिल्टरबद्दल उपनिषदं सांगावीत तसे बोलतात. त्यातून त्याला कळलं होतं की इंजिन स्वतःच्याच उकाड्यातली हवा ओढतं, गरम हवा विरळ असते, बाहेरची गार हवा दाट असते, आणि ती पाजली की गाडीला जोर येतो. तयार सामान विकत मिळतं. पण घरी करण्यात जो मान आहे तो विकत घेण्यात नाही, असं त्याचं मत होतं.

एका शनिवारी त्याने बॉनेट उघडलं. हार्डवेअरच्या दुकानातून पन्हळीचा प्लास्टिक पाइप आणि त्याचे दोन कोपरे आणले होते. इंजिनाची धग लागू नये म्हणून मध्ये आडवा लावायला माझा बेकिंगचा ट्रे घेतला. पाइपाचं तोंड गाडीच्या समोरच्या जाळीमागे आलं, आणि खडे-किडे आत जाऊ नयेत म्हणून त्या तोंडावर माझी रव्याची चाळणी बसली. ती धरून उभं राहण्याचं काम माझ्याकडे होतं.

सासूबाई तेव्हा चिंचवडहून आमच्याकडे आल्या होत्या. त्या पायरीवर बसून मटार सोलत होत्या.

"अरे, पन्हळीचा पाइप गाडीत घातलास, तर पन्हळीला काय घालशील?"

"आई, ही पन्हळ नाही. हा इनटेक आहे."

"काल दुकानातून आणलास तेव्हा तर पन्हळ होती."

संध्याकाळी गाडी सुरू केली. ॲक्सिलरेटर दाबला की पुढून एक खोल, भरदार गुरगुर यायची. नवऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा बाप झालेल्या माणसाचं समाधान होतं. सासूबाईंनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "घोरतेय. तुझे बाबा असेच घोरायचे."

दम वाढला की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. आवाज नक्की वाढला. पण रोज संध्याकाळी नवरा मला शेजारी बसून मोटरवेवर न्यायला लागला. "ऐक, आता ती तयार आहे, आता दाब," असं तो म्हणायचा, आणि त्याचा इतका विश्वास होता की मी दाबायचे.

माझं वर्ष संपायच्या आत टेस्टची एकच वेळ शिल्लक होती, आणि ती आली दसऱ्याला. सासूबाईंना यात योगायोग दिसेना. साडेतीन मुहूर्तांतला एक, त्यांनी निकालच लावून टाकला. वाहनाची पूजा तर व्हायलाच हवी होती. पण इथला दसरा वसंतात येतो आणि तेव्हा झेंडू नसतो. शेजारच्या सामोअन आजींच्या कुंपणाला कॅलेंड्युला मात्र भरभरून आला होता, तसाच केशरी. आजी म्हणाल्या, घ्या, हीप्स आहेत, म्हणजे ढिगाने. त्यांच्या बेटांवरही हार गुंफतात, त्यामुळे दोघी एकमेकींची भाषा न कळता एकाच माळेला दोन टोकांनी बसल्या. सकाळी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि समोरच्या जाळीवर जाड माळ, अशी गाडी सजली.

"आई, टेस्टपुरती काढूया?" मी विचारलं.

"आज काढायची नाही गं. आजच तर तिचं काम आहे."

परीक्षक या वेळी उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी गाडीला फेरी मारली, दिवे आणि नंबर झाकलेले नाहीत हे पाहिलं.

"लग्न?"

"नाही. गाडीचा सण आहे."

"स्वीट ॲज," असं, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', म्हणून ते आत बसले.

भुरभुर पाऊस सुरू झाला होता. गावातला भाग नीट झाला. मोटरवेच्या आधीच्या चढावर मी पाय दाबला, तेव्हा गाडी हो म्हणाली आणि गेली नाही. गुरगुर नाही, नुसती धाप. अशी गाडी घेऊन मोटरवेवर शिरणं म्हणजे पुन्हा हळू, पुन्हा नापास, नाहीतर त्याहून वाईट. मी सिग्नल देऊन कडेला थांबवली आणि सांगितलं की गाडीला हवा मिळत नाहीये.

"गाडी बिघडली असेल तर टेस्ट इथेच संपते," ते म्हणाले. "नवीन वेळ घ्यावी लागेल." नवीन वेळ म्हणजे माझं वर्ष संपल्यानंतर.

"आधी एकदा बघू देता?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

बॉनेट उघडल्यावर शोधावं लागलंच नाही. वाऱ्याने आणि पावसाने माळेच्या पाकळ्या सुटल्या होत्या, पाइपाने त्या मनोभावे आत ओढल्या होत्या, आणि रव्याची चाळणी ओल्या केशरी लगद्याने लिंपून निघाली होती. नवऱ्याच्या विज्ञानाचा आणि सासूबाईंच्या मुहूर्ताचा त्या ठिकाणी संगम झाला होता. क्लॅम्प सैल करून मी चाळणी काढली आणि रवा झटकतात तशी तळहातावर झटकली. मग ती परत बसवून जाळीवरची माळ सोडवली.

आता माळ ठेवायची कुठे? परीक्षक शेजारी पावसात उभे होते. मी ती त्यांच्यापुढे धरली, त्यांनी दोन्ही हातांनी घेतली.

"प्लीज, खाली नका ठेवू. पूजेतली आहे."

माझा अर्थ मागच्या सीटवर ठेवा असा होता. त्यांनी ते फारच मनावर घेतलं. सीटबेल्ट लावून, ती ओली माळ मांडीवर सांभाळत ते सरळ बसले आणि म्हणाले, "पुढच्या वळणाला मोटरवे."

मी दाबलं. गाडी गुरगुरली. डावीकडून चढले, उजवीकडे एक लांबलचक ट्रक, त्याच्या मागे जागा, आणि मी रांगेत शंभराने चालले होते. परीक्षकांनी माळ जरा घट्ट धरली होती, बस.

परत आल्यावर ते म्हणाले, "पास." माळ माझ्या हातात देताना थोडं थांबून म्हणाले, "आमच्याकडे कधी कधी फिटनेसचं वॉरंट नसलेल्या गाड्या येतात. देव घेऊन आलेली ही पहिलीच."

घरी मायलेक दारातच उभे होते.

"ओढली का मोटरवेवर?" नवऱ्याने विचारलं, आणि मग आठवण झाल्यासारखं, "म्हणजे, पास ना?"

मी पाकळ्यांची हकिकत सांगितली. तो तसाच वळला. आत जाऊन पाना घेऊन आला. "काढून टाकतो. माझ्यामुळे तुझी नोकरी गेली असती."

"राहू दे," मी म्हटलं. "सवय झालीये मला तिची."

"आणि चाळणी घरचीच होती म्हणून वाचलात," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी माळ शेजारच्या आजींच्या वाफ्यात, त्याच झाडांच्या मुळाशी नेऊन ठेवली. त्या दिवशी माझ्या यशाचं श्रेय पाइप आणि मुहूर्त यांच्यात वाटलं गेलं. मी श्रीखंड वाढलं.

पुढे मी रोज पहाटे लॅबला जाऊ लागले. नवरा अंथरुणात पडून ऐकायचा. उतारावर आवाज नाही, मग चढावर गुरगुर, मग मोटरवेच्या तोंडाशी एक लांब गर्जना. "तू शिरलीस की कळतं मला," तो म्हणायचा. "मग झोप लागते."

दोन-तीन वर्षांनी ती गाडी आम्ही विकली. विकण्याआधी त्याने एअर फिल्टरचा मूळचा डबा परत बसवला. पन्हळ आईच्या सल्ल्याप्रमाणे पन्हळीला गेली. नवी गाडी चांगली आहे, पण अजिबात आवाज करत नाही. त्यामुळे आता पोचल्यावर मेसेज करावा लागतो.