शेवटच्या दोन ओळी

डेस्मंड ओल्ड्रॉइड हा इंग्लंडातल्या आमच्या हडर्सफील्डच्या नाट्यगृहातला हरहुन्नरी नट. या आठवड्यात पाद्री, पुढच्या आठवड्यात खुनी. टीव्हीवर हवालदार, नाहीतर प्रेत. दर भूमिकेला नवा आवाज. रस्त्यात त्याला कुणी ओळखत नसे आणि त्याचाच त्याला तोरा. मी विंगेतली प्रॉम्प्टर, त्याचे सगळे आवाज मला पाठ.

मग मेंदूचा झटका आला आणि ते सगळे गेले. उरला एकच, त्याचा स्वतःचा, अडखळणारा. तरी नाताळच्या नाटकातल्या खट्याळ विधवेचं काम मीच करणार म्हणून तो हटून बसला. ते काम आमच्याकडे पुरुषच करतो, आणि वर्षानुवर्षं तोच करत आला होता.

"जमलं नाही तर काम रॉयला देईन," दिग्दर्शिका ग्लेनिस म्हणाली.

"जमेल."

तालमीत जमलंही. जीभ अडली की तो भुवई उडवायचा, घागरा झटकायचा, आणि आम्ही खो खो हसायचो. प्रश्न होता शेवटच्या दोन ओळींचा. त्या विधवेनं एकटीनं पुढे येऊन म्हणायच्या असतात, पण पहिल्या प्रयोगाआधी उच्चारायच्या नाहीत, ही आमची जुनी रीत.

"रीत गेली खड्ड्यात. एकदा म्हणून दाखव," ग्लेनिस वैतागली.

"तालमीत जन्मात कधी म्हटल्या नाहीत. उगाच नाट लावू नकोस, बाई."

मला त्यानं बाजूला घेतलं. "अडकलो तरी शब्द देऊ नकोस. मेलो तरी."

पहिल्या प्रयोगाला थिएटर भरलेलं. पहिली ओळ निभावली. दुसरीच्या तोंडाशीच तो अडकला. दुसऱ्या विंगेत रॉय तयार उभा होता.

"दे ना शब्द, काय बघत बसलीस?" ग्लेनिसनं मला ढोसलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. मला तिचा भयंकर राग आला होता आणि त्याचाही.

गंमत समजून लोक हसायला लागले. भुवई उडवली असती तर सुटला असता. त्यानं ती उडवली नाही. विग काढून हातात घेतला, तसं हसू थांबलं. मग चढावर हातगाडी ढकलावी तसा एकेक शब्द ढकलत, आपल्याच आवाजात, त्यानं ओळ शेवटपर्यंत नेली. टाळ्या थांबेनात.

आत आला तेव्हा तो घामानं निथळत होता. ग्लेनिसनं त्याच्या हातातला विग घेतला.

"उद्या विग काढू नकोस," ती म्हणाली. "परत बसवायला वेळ लागतो."

उद्या म्हणाली ती. मला रडू फुटलं.