कानावरचा हात

माझा फ्लॅट भाड्यानं बघायला आलेले काका कुत्र्याला घेऊन दारातच थांबले. "कुत्री-मांजरं नकोत आम्हाला," मी म्हणाले. काकांनी कुत्र्याच्या कानावर हात ठेवला आणि अजिजीनं म्हणाले, "म्हातारा झालाय हो मोती. फार दिवस नाही काढायचा." त्यांचा आवाज ऐकून मोतीनं शेपटी हलवली.

डोक्यावर छप्पर हवं, तर आपल्या जिवलगाचं मरणसुद्धा असं पुढं करावं लागतं? मी किल्ली दिली.

राहायला आले त्या दिवशी काकांनी, नव्या घरात करतात तसं, दूध उतू जाऊ दिलं. उरलेलं वाटीत ओतून मोतीपुढं ठेवलं. मग त्याचा कान हलकेच उचलून म्हणाले, "मनावर घेऊ नकोस रे. म्हणावं लागलं."